टोपलीत परत सोडलेली मूठ

अहो, थांबा. त्या रोटांना हात लावू नका. फोटो हवा तर काढा, पण दगडाच्या अलीकडे उभं राहून काढा. बसा इथे पायरीवर. तापीचं पाणी उतरल्याशिवाय तुमची गाडी काही पलीकडे जात नाही आणि मलाही आज दुसरं काम नाही. मी हिलाल, गावातला चक्कीवाला. आज कानबाईचा रविवार, म्हणून चक्की बंद आहे.

हा काळा दगड बघा, जेवायच्या पाटासारखा चपटा. त्याला आमच्या नांदरखेड्यात धुडकूचा पाट म्हणतात. आज त्यावर तीन रोट आहेत. सकाळपासून ठेवलेत, पण एक मुंगी दिसते का? मघाशी कावळा आला, शेजारी बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. तुमच्या शहरात याला काही कारण सांगत असतील. इथे जे सांगतात ते मी सांगतो.

आधी रोट काय ते समजून घ्या. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, आणि सोमवारी तिला तापीत बोळवतात. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकतात. ते घरच्या जात्यावर दळायचे, पीठ गुळाच्या पाण्यात मळायचं आणि गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, जाड रोट भाजायचे. सुरत-पुण्याला गेलेले भाऊ त्या दिवशी घरी येतात. सुना थापतात, सासवा भाजतात, पुरुष गोवऱ्या पुरवतात आणि लुडबूड करतात. रोट घरच्यांनीच खायचा, परक्याला त्यातला कण द्यायचा नाही. बायांची मूठ का नाही, ते मला विचारू नका. माझी सून दरवर्षी विचारते, आणि गेली तीन वर्षं स्वतःची मूठ टाकून मोकळी होते. कानबाई काही रागावलेली नाही अजून.

तर, फार जुनी गोष्ट. या घाटाच्या वरच्या अंगाला केवळबाई नावाची विधवा राहायची. तिला दोन मुलगे. थोरला सुपडू, लग्न झालेला, जबाबदार. धाकटा धुडकू, पायाला भिंगरी असलेला. या धुडकूला रोटाचं भारी वेड. पहिला रोट आरावरून निघाला की तो गरमागरम उचलायचा, हातानेच दोन तुकडे करायचा आणि अर्धा आईच्या हातावर ठेवायचा. आई चटका बसून ओरडायची, हा हसायचा. दरवर्षी हेच.

एका साली धुडकू कापसाच्या गाड्यांबरोबर सुरतेच्या वाटेला लागला. दिवाळीला येतो म्हणाला. दिवाळी गेली, होळी गेली, दोन कानबाया गेल्या. दोन्ही वर्षं केवळबाईने त्याची मूठ टाकली आणि त्याचा रोट बोटांनी चुरून कानबाईबरोबर तापीत सोडला. तिसऱ्या वर्षी एक गाडीवान त्याची घोंगडी घेऊन आला. वाटेवरच्या धर्मशाळेत पटकीची साथ आली होती, माणसं पटापट गेली होती, त्यांच्या सामानात ही घोंगडी सापडली. कोपऱ्याला केवळबाईच्याच हातचे टाके होते. प्रेत मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

श्रावण आला. गहू मोजायला केवळबाई सूप घेऊन बसली. सुपडूला त्याच वर्षी मुलगा झाला होता, सहा महिन्यांचा. आईचा हात गव्हाच्या टोपलीकडे गेला तसा सुपडू म्हणाला, "माय, मरेल मानूसनी मूठ जित्यासना धान्यमा टाकू नको. घरमा लेकरू शे." सुपडूला वाईट म्हणू नका. मेलेल्याची मूठ जित्यांच्या पिठात मिसळली की घरातलं सगळ्यांत लहान माणूस जातं, अशी तेव्हा पक्की समजूत होती. बाप होता तो. घाबरला.

पण तो बोलेपर्यंत केवळबाईने मूठ भरली होती. नावही घेतलं होतं. "ही धुडकूनी मूठ," एवढं तिच्या तोंडून गेलं होतं. तिने पाळण्याकडे पाहिलं. मग हात मागे घेतला आणि मूठ टोपलीत परत सोडली.

चूक झाली ती इथे. नावच घेतलं नसतं तर एक वेळ चाललं असतं, असं जुनी माणसं म्हणतात. नाव घेऊन भरलेली मूठ परत सोडायची नसते. आम्ही चक्कीवर सुद्धा हे पाळतो, चक्कीच्या तोंडात पडलेलं धान्य परत काढत नाही.

रविवार उजाडला. कानबाई बसली. दुपारी पाऊस थांबला आणि ढग असे खाली आले की भर दुपारी घरात समई लावावी लागली. सून थापत होती, केवळबाई भाजत होती. पहिला रोट निघाला आणि केवळबाईने सवयीने हात पुढे केला. मग लक्षात आलं तसा मागे घेतला.

तेवढ्यात गोठ्यातला म्हातारा बैल हंबरला. तो बैल धुडकूने वाढवलेला. दावं ताणून तो घराच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. सुनेने पाहिलं तर सारवलेल्या जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे होते, दारापासून चुलीपर्यंत. आत आलेले होते, बाहेर गेलेले नव्हते. तिला वाटलं नवऱ्याचे असतील. पण सुपडू मागच्या अंगणात गोवऱ्या फोडत होता. मग पाळणा हलायला लागला. वारा नव्हता, दोरी कुणाच्या हातात नव्हती. लेकरू मात्र वर बघून खिदळत होतं.

केवळबाई पाळण्याकडे बघत राहिली. तिच्यासमोरचा रोट आरावर करपला, म्हणे, तरी तिला वास आला नाही.

आणि तेव्हाच दारात बुधा नावाडी येऊन उभा राहिला. हा पलीकडच्या काठचा कोळी, घरचा नव्हे, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, "धुडकूभाऊले सांगा ना, मनी तंबाखूनी पिशवी त्यानापासेच ऱ्हायनी."

सगळ्यांचे हात थांबले. सुपडू धावत आला. बुधाने सांगितलं की आताच त्याने धुडकूला होडीतून या काठाला उतरवलं. वाळून काटकी झाला होता, साथीतून वाचला होता, पण बोलत होता, हसत होता. घरी आज रोट असतील म्हणून घाई करत होता. वाटेत दोघांनी तंबाखू खाल्ली आणि पिशवी त्याच्या हातात राहून गेली.

"कोठे शे तो?" सुपडूने विचारलं.

बुधाला वाटलं हे आपली थट्टा करताहेत. तो हसला आणि बोट दाखवलं. "तो दखा ना, चुलीजोडे बठेल शे. मायना शेजारे."

केवळबाईच्या शेजारी रिकामी जमीन होती. जमीन ओली होती.

ती तिथेच त्या रिकाम्या जागेकडे वळून बसली. हात पुढे करून चाचपलं. हाताला काही लागलं नाही. मग तिने बुधालाच विचारलं, "काय म्हनी राहिना रे तो?"

बुधाचं हसू एव्हाना गेलं होतं. तो हळूच म्हणाला, "म्हनस, माय मनासंगे का बरं बोलत नही? मी इतला हाका मारी राहिनू."

त्या बाईचं काय झालं असेल, ते मला सांगता यायचं नाही. मी ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल, पण इथे आलो की मी पुढचं भरभर सांगतो.

ती उठली. टोपलीतून मूठभर गहू घेतले, सव्वा मूठ नीट मोजली, मोठ्याने नाव घेतलं. एकटीने जातं ओढलं, पीठ मळलं, वेगळा रोट थापला आणि आरावर टाकला. सुपडू शेजारी उभा राहून रडत होता. तो पण हाका मारत होता, "धुडकू, बठ भाऊ, जाऊ नको." पण रोट भाजून व्हायच्या आधीच बुधा म्हणाला, "उठना तो. चालना." उठला, निघाला.

पावलं आता दारातून बाहेर निघाली होती. केवळबाई गरम रोट पदरात घेऊन त्यांच्या मागे धावली. चिखलात ठसे उमटत होते आणि ती त्यांत पाय टाकत होती. घाट उतरून ते या दगडापाशी आले आणि दगडावरच संपले. पुढे तापी, दोन्ही काठ भरून. मागून धापा टाकत बुधा आला. तिने त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने मान हलवली. आता त्यालाही दिसत नव्हता.

तिने रोट दगडावर ठेवला आणि पायरीवर बसली. संध्याकाळपासून पाऊस लागला तो पहाटेपर्यंत. उजाडल्यावर तिने पाहिलं. दगडावर अर्धा रोट होता. कुत्र्याने खाल्लेला नव्हे, हाताने मोडलेला. आणि त्याखाली बुधाची तंबाखूची पिशवी होती, रात्रभर पाऊस पडूनही कोरडी ठाक. केवळबाईने तो अर्धा तुकडा तिथेच बसून खाल्ला. आपल्या वाटणीचा होता तो.

यावर गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात, धुडकू साथीतच गेला होता आणि घरी आला तो त्याचा जीव. मला हे पटत नाही. मेलेला माणूस नावाड्याकडे तंबाखू मागत नाही. तो जिताच आला होता. घराने त्याला सोडलं, म्हणून तो घराला दिसला नाही, एवढंच. मला तरी हेच जास्त भयंकर वाटतं.

तेव्हापासून नांदरखेड्यात असं ठरलं की ज्याचं प्रेत डोळ्यांनी पाहिलं नाही त्याची मूठ चुकवायची नाही. ती वेगळी दळायची, तिचा रोट वेगळा भाजायचा आणि या पाटावर आणून ठेवायचा. सोमवारी पहाटे यायचं. रोट अख्खा असला तर कानबाईबरोबर तापीत सोडायचा. अर्धाच असला तर समजायचं, तो येऊन गेला, घराला न दिसता. हा पहिला रोट पाटलांच्या घरचा. त्यांचा एक पणजोबा ब्रह्मदेशात गेला तो गेलाच. आज असता तर एकशे तीस वर्षांचा असता, पण त्याची मूठ पडते. दुसरा गावातल्या गोजरबाईच्या, परत न आलेल्या नवऱ्याचा.

तिसरा माझ्या घरचा. माझा धाकटा, किशोर. सात वर्षं झाली. चक्कीवरच भांडण झालं. मला चक्की चालवायची नाही म्हणाला, आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो, "जा, तू मला मेलास." केवळबाईने निदान तोंडाने तरी तसं म्हटलं नव्हतं. तो रात्रीच्या एसटीने गेला. फोन लागत नाही. बायको दरवर्षी त्याची मूठ टाकते, नाव घेऊन. त्या वेळी मी अंगणात जाऊन उभा राहतो.

सोमवारी पहाटे इथे आलो आणि रोट अख्खा दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. म्हणजे कुठेतरी आहे, खातोय-पितोय, अजून या वाटेला आलेला नाही. मग दिवसभर तेच मनाला लागतं, की अजून आलेला नाही.

आजही आमच्या गावात कानबाईच्या दिवशी कुणी परका आला तर त्याला हाकलत नाहीत. रोट देत नाहीत, पण इथे पायरीवर बसवतात, चहा पाजतात, ही गोष्ट सांगतात. कारण त्या दिवशी जे घरच्यांना दिसलं नाही, ते नावाड्याला दिसलं होतं. माझ्या बायकोला किशोर दिसेल कदाचित, तिने मूठ सोडलेली नाही. मला मात्र तो समोर बसला तरी दिसणार नाही.

तुम्ही बाहेरचे आहात. म्हणून तुम्हाला थांबवलं, पाण्याचं निमित्त सांगितलं. पाणी मघाशीच उतरलंय. एकदा त्या पाटाकडे नीट बघा, तिसऱ्या रोटापाशी, आणि मला खरं सांगा. कुणी बसलेलं दिसतंय का?