सूतशाळेचा दिवा

पूर्वी कुसावती नगरीत दृढवर्मा राजा सत्तेवर असताना बोधिसत्त्व त्याच्या सूतशाळेचा अध्यक्ष होता. विधवा, पांगळ्या, मागेपुढे कोणी नसलेल्या बायका शाळेतून कापूस नेत, घरी सूत कातून आणून देत आणि त्यावर पोट भरत. कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्या भल्या पहाटे येत. दिव्याचा उजेड फक्त सुतावर पडावा, कातणारीच्या चेहऱ्याकडे अध्यक्षाने पाहू नये, असा राजाचा नियम होता. नियम अब्रूसाठी केलेला होता. तिच्या पोटाचा विचार त्यात कोणी केला नव्हता.

बोधिसत्त्वाने तो वीस वर्षे पाळला. अंगठा आणि तर्जनीत धागा फिरवला की लडी कोणाची ते त्याला कळे. रोहिणिका नावाच्या विधवेचे सूत सगळ्यांत सरस असे.

मग राजाने शेजारच्या राज्यावर स्वारी काढली. सैनिकांच्या जाड सुती चिलखतांना चांगले सूत पुरेना. त्याने हुकूम सोडला, जी वाईट सूत आणील तिचा अंगठा तोडावा. अंगठा गेल्यावर ती कातणार कशाने, हे विचारायला दरबारात कोणी धजले नाही.

एका पहाटे रोहिणिकेची लडी आली. तिच्यात गाठीच गाठी होत्या.

"आई, हे सूत तुझे नाही," बोधिसत्त्व म्हणाला.

"माझेच आहे, स्वामी."

बोधिसत्त्वाने दिवा उचलून तिच्या चेहऱ्यापाशी नेला. तिची पापणीही हलली नाही. दोन्ही बुबुळे पांढरी झाली होती.

"कधीपासून दिसत नाही?"

"दोन पावसाळे झाले. हातांच्या सवयीवर निभावले. आता बोटेही कापतात. सांगितले असते तर कापूस मिळाला नसता."

उपाध्यक्ष दब्बिल शेजारीच उभा होता. उजाडताच त्याने सारे राजाच्या कानावर घातले. राजाने बोधिसत्त्वाला बोलावून घेतले.

"महाराज, वीस वर्षे मी डोळ्यांत तेल घालून धागा पाहिला," बोधिसत्त्व म्हणाला, "आणि धागा काढणारी आंधळी झाली ते मला दिसले नाही. अंगठा माझा घ्या."

राजा स्वारीच्या घाईत होता. "एक अंगठा तुटला पाहिजे. कोणाचा, ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला.

दुपारपर्यंत बोधिसत्त्वाचा अंगठा तुटला आणि दब्बिल अध्यक्ष झाला. त्याने रोहिणिकेला कापूस देणे बंद केले. बोधिसत्त्वाने तिला घरी आणले, पण घडले ते सांगितले नाही. ती धागा काढी; गाठ आली की तो तिचे बोट गाठीवर नेऊन ठेवी. दिवसाकाठी अर्धी लडी होई. ती विकून दोघे एकवेळ जेवत.

हा उजव्या हाताने काहीच धरत नाही, हे एक दिवस तिच्या ध्यानात आले. तिने त्याचा हात चाचपला आणि टकळी खाली ठेवली. त्या दिवशी त्या घरात सूत निघाले नाही.

चिवरे शिवणाऱ्या भिक्षूंना शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगितली. वृद्ध भिक्षुणी खेमिकेच्या वेड्यावाकड्या टाक्यांना ते हसले होते. शास्ता म्हणाला, "तेव्हाची रोहिणिका म्हणजे ही खेमिका. दब्बिल म्हणजे तुमच्यात सर्वांत मोठ्याने हसलेला सुपिय. अध्यक्ष मीच होतो." राजाचे काय झाले, ते त्याने सांगितले नाही. सुपियाने खेमिकेकडे पाहिले. तिच्या सुईत दोरा नव्हता, आणि तरी ती शिवत होती.

अंगठा देणे ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता. पण त्याआधी दिवा उचलला, ती करुणा.