छपरावरची भित्री अँटेना

आकाशात चांदण्यांइतकीच उपग्रहांची वर्दळ झाली, त्या काळातली ही गोष्ट. सातपुड्यातल्या एका दवाखान्याच्या छपरावर नवी अँटेना आली. पाटासारखी चपटी, जागची न हलता कुठेही नजर वळवू शकणारी, पण स्वभावाने भारी भित्री. पहिल्याच सकाळी एका उपग्रहाशी तिची गट्टी जमली आणि तिने त्याच्यावरच नजर खिळवली.

खाली दवाखान्यात जामली बाळंत झाली होती, पण बाळ रडत नव्हतं. वनिता सिस्टर अँटेनावरून चालणाऱ्या फोनवर शहरातल्या डॉक्टरांना काय करावं ते विचारत होत्या. तेवढ्यात उपग्रह डोंगराआड झुकू लागला.

"थांब ना रे!" अँटेना कळवळली.

"मला थांबता येत नाही गं. ती बघ, मागून माझी बहीण येतेय. तिच्याकडे वळ."

"तिला मी ओळखतसुद्धा नाही! आणि तुला सोडू कशी?"

डॉक्टरांचा आवाज तुटू लागला. "हॅलो? हॅलो?" सिस्टर ओरडल्या.

"वेडाबाई, मला धरून बसलीस तर डॉक्टर सुटतील!"

अँटेना दचकली. भीत भीतच तिने बहिणीकडे नजर वळवली.

"आलीस? बरं झालं!" बहीण हसली आणि डॉक्टरांचा आवाज खणखणीत उतरला, "कोरड्या फडक्याने बाळाची पाठ चोळा!"

सिस्टरांनी भराभर पाठ चोळली. मग बाळाने असा टाहो फोडला की छपरावरचे पारवे भुर्रकन उडाले. खाली जामली रडता रडता हसत होती.

"तूही जाणार का गं?" अँटेनाने हळूच विचारलं.

"चार मिनिटांत!"

"मग तुझ्या मागून कोण येतंय, तिचं नाव आत्ताच सांगून ठेव."