न उचललेलं आसन

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

त्या काळी डोंगरापलीकडे एक आश्रम होता. तिथे एका पडवीत वैद्यकी शिकवत आणि दुसरीत झाडापाल्याची विद्या. पहिलं वर्ष सरलं, की शिष्याला आपलं आसन उचलून दुसऱ्या पडवीत टाकायची मुभा असे. अट एकच, आधी घरी जाऊन आपल्या तोंडानं तसं सांगून यायचं.

वैद्यकीच्या पडवीत लांबच्या गावचा एक तरुण होता. त्याला नाडी काही केल्या कळेना. मनगटावर तीन बोटं ठेवून तो घाम फुटेपर्यंत बसे. झाडांचं मात्र त्याला उपजतच कळे. वाळलेली मुळी नुसती हुंगून तो तिचं नाव सांगे.

एके दिवशी गुरू म्हणाले, "बाळ, विद्या कठीण असणं निराळं आणि आपली नसणं निराळं. कठीण असेल ती वर्षभरात बोटभर तरी पुढे सरकते. तुझी सरकली का?"

"नाही, गुरुजी."

"मग घरी जाऊन ये."

तो गेला. वेशीवरच लोक ओरडले, "वैद्यबुवा आले!" बापानं तर रोग्यांना बसायला अंगणात ओटा बांधून ठेवला होता. चार दिवस पोरानं तोंड उघडलं ते फक्त जेवायला.

परत येऊन तो गुरूंशी धडधडीत खोटं बोलला, "घरचे नको म्हणाले."

पुढे सात वर्षं त्यानं ग्रंथ घोकले. घोकंपट्टी काय, पोपटालाही जमते. तो वैद्य होऊन गावी आला आणि सर्दी-पडशाच्या काढ्यांवर त्याचं निभावत गेलं.

मग बाप अंथरुणाला खिळला. शेजारी म्हणाले, "नदीपलीकडच्या वैद्याला बोलावू या."

"घरात वैद्य असताना?" बाप हसला आणि त्यानं मुलापुढे हात केला.

मुलानं नाडी धरली. त्याला काहीही कळलं नाही, आणि तसं म्हणायची त्याला लाज वाटली. तीन दिवस तो नुसते काढे बदलत राहिला. चौथ्या दिवशी बापाचा श्वास लागला, तेव्हा त्यानं रडत रडत सगळं सांगून टाकलं.

पलीकडचा वैद्य धावत आला. नाडी पाहून म्हणाला, "तीन दिवस आधी बोलावलं असतंत, तर वाचले असते."

बापानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "वेड्या, तेव्हाच सांगायचंस ना. मी दोन दिवस रागावलो असतो. फार तर दोन दिवस."

त्याच संध्याकाळी बाप गेला.

पोरांनो, आणि पोरांच्या आईबापांनो, वाट चुकली तर बदलता येते, पण लाजेपायी झाकलेली चूक कुणाच्या तरी जिवावर बेतते.