भुईला लागलेला पाय

ही गोष्ट सांगायची नाही, असं आत्याने मला बजावलं आहे. आमचे पूर्वज तिच्यात पालखीचे भोई होते आणि त्यांना कमीपणा येतो. तरी सांगते.

एका राज्यात रीत होती, की राजकन्येचा पाय भुईला लागू द्यायचा नाही. राजकन्या कनकलेखा पालखीतूनच हिंडे. एकदा अरुंद वाटेवर एका मांत्रिकाला भोयांनी बाजूला ढकललं. तो म्हणाला, "जो पाय भुई ओळखत नाही, तो दगड होवो."

उजवं पाऊल दगड झालं. राजाने रीत आणखी कडक केली. दगड चढत चढत गुडघ्यापाशी आला. तो काळजाला भिडला की श्वास थांबेल, असं वैद्य म्हणाले.

पालखीच्या दांड्यावर एका पायाची मैना बसायची. ती म्हणाली, "हे उचलतात, तेव्हाच दगड चढतो."

"मग मी काय करू?"

"उतर. नदीकाठच्या रानात माझ्यासारखे तिघे आहेत. त्यांना विचार."

पहाटे कनकलेखा एकटीच उतरली आणि दगडाचा पाय ओढत रानात पोचली. तिथे तीन पायांची हरिणी चरत होती.

"चालायला शिकव."

"आधी पडून दाखव." कनकलेखा धाडकन पडली. हरिणी म्हणाली, "याहून पोतं बरं पडतं. खांदा वळवून पड, म्हणजे उठायची भीती राहत नाही."

दिवसभर ती पडली आणि उठली. दगड काही वर चढला नाही.

नदीत पंख मोडलेला करकोचा मासे टिपत होता. कनकलेखाने विचारलं, "उडता येत नाही, याचं दुःख होत नाही?"

"होतं तर. थवा गेला की मान आपसूक वर जाते. पण मासे आभाळात नसतात." मग तो म्हणाला, "पलीकडे जायचंय ना? दगडाचा पाय आधी रोव. धार त्याला हलवू शकत नाही."

ज्या पायाला ती रडत होती, त्याच पायाने तिला नदी पार करून दिली.

पैलतीरावर उभा चढ होता आणि अर्ध्या सोंडेचा हत्ती.

"मला पाठीवर घे."

"उचलणार नाही. शेपूट धर."

शेपूट धरून ती स्वतःच्या पायांनी चढली. माथ्यावर पाहते तो दगड घोट्यापर्यंत उतरलेला.

ती परतली, तेव्हा राजा वाड्याच्या पायऱ्या उतरून धावत आला. भोई पालखी घेऊन मागोमाग.

"बाबा, उचलू नका. हात द्या."

राजा तिला उचलायला वाकलाच होता. पण त्याने फक्त हातच दिला. शेवटच्या पायरीवर दगड तडकला आणि आतून पाऊल निघालं. बारीक, जरासं वाकडं, पण ऊबदार. लंगडतच ती सिंहासनापर्यंत गेली. राजाने ती रीत त्याच दिवशी मोडली. मांत्रिकाला वाट मोकळी झाली, मैनेने पालखीत घरटं केलं.

भोयांना मात्र रिकाम्या खांद्यांनी चालताच येईना, तोल जायचा. तेव्हा कनकलेखा त्यांना रानात घेऊन गेली आणि म्हणाली, "आधी खांदा वळवून—"

आले, आत्या, आले.