वजन ओळखणारे दगड

फार जुन्या काळातली गोष्ट आहे. कुठल्या गावची ते मला ठाऊक नाही. तिथे एक व्यापारी आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा. घरात कामाला ठकूबाई होती. ती दिवे लावी, पाणी भरी, दार उघडी आणि म्हातारीपाशी बसून तिला दोन घास जास्त भरवी.

एकदा परमुलखातला एक कारागीर आला. त्याने त्या घरात जागोजागी दगड बसवले. दाराजवळच्या दगडावर घरचं माणूस उभं राहिलं की दार आपोआप उघडे. मोरीतल्या दगडावर उभं राहिलं की पाणी येई. खोलीत पाऊल टाकलं की दिवा लागे, बाहेर पडलं की विझे.

कारागीर म्हणाला, "हे दगड तुमच्या दोघांची वजनं ओळखतात. परक्याला दार उघडायचं नाही. पण मालक, माणसाचं अंग सारखं राहत नाही. कोणी वाळलं तर मला बोलवा. दगड पुन्हा जुळवून देईन."

"बोलवू की," व्यापारी म्हणाला.

घर खरंच सुखाचं झालं, खोटं कशाला सांगू? चोर दारावरून परत गेले. तेल निम्मं लागू लागलं. मग व्यापाऱ्याने ठकूबाईला सांगितलं, "आता तुझं इथे काय काम उरलंय?"

"काम नाही उरलं, मालक. पण बसून भरवल्याशिवाय आईंना जेवण जात नाही. तेवढं बघा."

"ती काय कुकुलं बाळ आहे?" व्यापारी हसला.

ठकूबाई गेली. वर्ष गेलं. व्यापारी रोज सकाळी दिव्यातलं तेल बघे. आईचं ताट बघायचं राहून जाई.

भर उन्हाळ्यात तो तीन दिवस बाजाराला गेला. परत आला, दार उघडलं. आत दिवे तेलाने काठोकाठ भरलेले.

"आई, बघितलंस का? थेंबभर तेल जळलं नाही!"

हात-पाय धुवायला तो मोरीकडे वळला.

म्हातारी मोरीच्या वाटेवर निपचित पडली होती. दोन्ही हात जड पाट्यावर होते. स्वयंपाकघरापासून तिथवर जमिनीवर लांब ओरखडा उठला होता. आपल्या वजनाने पाणी येत नाही, दारही उघडत नाही, हे तिला कळलं होतं. वजन वाढवायला ती पाटा ओढत दगडाकडे चालली होती. हात-दोन हातच उरले होते.

व्यापाऱ्याचा हंबरडा ऐकून ठकूबाई धावत आली. तिने म्हातारीला एकटीने उचललं आणि ती रडू लागली.

"अगं आई गं, कापसासारख्या झाल्या होत्या हो! मालक, तुम्हाला कधी दिसलं नाही?"

आई हलकी झाली हे घरातल्या दगडांना कळलं होतं. लेकाला कळलं नव्हतं.

त्याने पुढे सगळे दगड उपटून टाकले. पण आता पाणी कोणाला द्यायचं होतं?

लहानथोरांनो, घर आपोआप चालेल, पण घरातल्या माणसाची विचारपूस आपली आपल्यालाच करावी लागते.