गोंदाजीची घोंगडीभर जमीन

एके वर्षी श्रीसहजनाथ महाराज बोरवंड गावाबाहेरच्या दत्तमठात राहायला आले. मठामागे भाजीपाल्याचा एक जुना तुकडा होता, पण वीस वर्षांत तिकडे कोणी फिरकले नव्हते. घाणेरीची झुडपे पुरुषभर उंच माजली होती आणि खाली हरळीने सारी जमीन आवळून धरली होती.

गावात गोंदाजी शिंपी म्हणून एक साधा भाविक होता. डोळे मंदावले, सुईत दोरा ओवेना, तेव्हा दुकान धाकट्या भावाकडे सोपवून तो महाराजांकडे आला आणि म्हणाला, "मला काहीतरी सेवा सांगा."

महाराजांनी त्याला त्या रानापाशी नेले. म्हणाले, "दत्तजयंतीच्या प्रसादाची भाजी इथून निघू दे."

गोंदाजी दोन पावले मागे सरला. "महाराज, मी जन्मात कुदळ धरली नाही. अन् उत्सव तर महिन्यावर आलाय."

महाराजांनी खांद्यावरची घोंगडी जमिनीवर अंथरली. "सगळ्या रानाकडे बघूच नकोस. रोज एवढीच जागा. आधी वरचं काप, मग माती सैल कर आणि हरळीची मुळी हाताने वेच. तुकडा राहिला तर पुन्हा फुटेल. साफ झाल्या जागेवर पालापाचोळा पसर, म्हणजे तण डोकं वर काढणार नाही."

गोंदाजी कामाला लागला. तळहातांना फोड आले, पाठ धरली. पण चौथ्या दिवशी हातभर लांबीची मुळी न तुटता अख्खी निघून आली आणि म्हातारा एकटाच खुदकन हसला. त्या दिवसापासून तो नामस्मरण करीत, गुणगुणत रान काढू लागला.

हैबतराव पाटलांचा मळा पंचक्रोशीत नावाजलेला. उत्सवाची भाजी दरवर्षी त्यांच्याच गाडीतून येई. ते एकदा बांधावर येऊन उभे राहिले.

"गोंदाजी, काडी लाव या रानाला आणि नांगर घाल. शेती म्हणजे अंगरख्याला ठिगळ लावणं नव्हे."

"महाराजांनी हाताने काढायला सांगितलंय, पाटील."

"बरं. मग यंदा भाजी तूच पुरव. माझी गाडी येणार नाही."

दत्तजयंतीची सकाळ उजाडली. पाच गावची माणसे जमली, चुलींवर भात शिजू लागला. रान जवळजवळ साफ झाले होते, पण पेरणी झालीच नव्हती, भाजीचे एक पानही नव्हते. गोंदाजी रडतच महाराजांकडे गेला. "महाराज, माझ्यापायी आज मठाची शोभा होणार."

"तो कोपरा राहिलाय की अजून," महाराज म्हणाले. "काम अर्धं टाकून रडतोस कशाला? चल, मुळ्या मी वेचतो." आणि ते खरोखरच मातीत मांडी घालून बसले.

गोंदाजीने कुदळ मारली. काहीतरी टणक लागले. दगड असेल म्हणून त्याने हाताने माती सारली, तर घागरीएवढा सुरणाचा गड्डा! त्याच्याखाली दुसरा, शेजारी तिसरा. बायका पाट्या भरभरून नेऊ लागल्या, तरी खड्डा रिता होईना.

हैबतराव मजा बघायला आले होते. ते खड्ड्यापाशी बसले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"सुरण पोसायला तीन-तीन वर्षं लागतात," ते हळूच म्हणाले. "एवढ्या जागेत दोन गड्डे मावले तर पुष्कळ. मी चाळीस मोजले."

इतक्यात आचाऱ्याने हाक दिली, "पुरे आता, कढईत मावत नाही." गोंदाजीची पुढची कुदळ नुसत्या मऊ मातीत गेली.

पाटलांनी पागोटे उतरवले आणि महाराजांच्या मातीने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. "मळा पिकतो म्हणून फार चढलो होतो, महाराज."

महाराजांनी त्यांना उठवले. "रान काढणं गोंदाजीला आलं. लावायचं कसं, ते आता तुम्ही शिकवा."

हैबतराव वळले आणि गोंदाजीपुढे वाकले. गोंदाजी पार गोंधळून गेला. त्याने घाईघाईने विचारले, "पाटील, मेथी फेकून पेरायची, की ओळीने?"

महाराज मनापासून हसले. हैबतराव डोळे पुसत तिथेच उकिडवे बसले आणि त्या भुसभुशीत मातीत बोटाने पहिली ओळ ओढून दाखवू लागले.