मागची सीट

“मग याला त्याग नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं, बाबा?”

धैर्यशीलनं विचारलं आणि तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.

फकीरबाबा ओट्यावर बसून कंदिलाची काच पुसत होते. धुक्याच्या दिवसांत ते वळणावरच्या जांभळीला कंदील टांगतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना रस्ता कुठं वळतो ते कळावं म्हणून. दुपार टळून गेली होती, पण ती दुपार आहे की सकाळ हे सांगता येत नव्हतं. जांभळ अर्धीच उरली होती. वरची अर्धी धुक्यानं नेली होती.

बाबांनी काचेवर फुंकर मारली. पुन्हा पुसली.

“कशाचा त्याग?” त्यांनी विचारलं.

“गाडीचा. सांगितलं की मघाशी.”

“पुन्हा सांग. मी म्हातारा आहे.”

धैर्यशील खाली बसला. त्याची कोल्हापूरला फौंड्री आहे. त्याचे वडील त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन या तकियावर, फकिरांच्या या ठाण्यावर, यायचे. वडील गेले, तरी त्यानं येणं सोडलं नाही. मी बाबांचा शिष्य आहे, असं तो चार लोकांत सांगतो. बाबा त्याला हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

“लाल गाडी होती माझी,” तो म्हणाला. “दोनच माणसांची. जमिनीला टेकल्यासारखी. सुरू केली की अख्खी गल्ली खिडकीत यायची. तसली गाडी कोल्हापुरात दुसरी नव्हती, बाबा. पंधरा वर्षं स्वप्न बघितलं होतं तिचं.”

“मग?”

“मग काय... ती दिली. दसऱ्याला दिली आणि ही घेतली.”

त्यानं रस्त्याकडं हात केला. तिथं एक मोठी करडी गाडी उभी होती. धुक्यात ती गाडीपेक्षा बसलेल्या म्हशीसारखी दिसत होती.

“सात माणसं बसतात. आक्काची काठी, राजसीचं दप्तर, आंब्याच्या पेट्या, सगळं मावतं डिकीत. आणि...” इथं त्याचा आवाज जरा खाली आला, लहान पोरगं खिशातली गोटी दाखवतं तसा. “आणि इंजिन असलंय, की जुन्या लालीला मागं टाकील. बघून वाटणार नाही कुणाला. घरची गाडी वाटते. पण पाय दिला की...”

“की?”

“उडते.”

बाबांनी मान हलवली.

“जागा वाढवलीस,” ते म्हणाले. “वेग तोच ठेवलास.”

“तेच तर! घरच्यांचंही झालं आणि...” तो थांबला. “तुम्ही हसताय.”

“नाही. काच उजेडाला धरलीय, म्हणून डोळे बारीक झालेत.”

दरीतून धुकं वर आलं, ओट्याला टेकलं, आणि काहीतरी विचारायचं विसरल्यासारखं परत गेलं.

“कुणासाठी दिलीस ती लाल?”

“राजसीसाठी. सात वर्षांची झाली. एकुलती एक. म्हटलं, बाप एकटा गाडी घेऊन हिंडतो आणि लेक खिडकीतनं बघते, हे बरं नाही.”

“चांगलं केलंस. कुठाय ती?”

धैर्यशीलनं नुसती मान तिकडं वळवली.

राजसी गाडीत नव्हती. रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर ती बसली होती. पाय वर घेतलेले, हनुवटी गुडघ्यावर. तिच्या एका बाजूला तिची आई पद्मजा, दुसऱ्या बाजूला आजी, म्हणजे धैर्यशीलची आई. त्यांना सगळे आक्काच म्हणतात. चौघं खाली कोकणात निघाले होते, पद्मजाच्या माहेरी. राजसीच्या मामाचं लग्न होतं. गाडी घाटाच्या तोंडाशी इथवर आली, धैर्यशील पाया पडायला उतरला, आणि त्याच्यामागून पोरगी उतरली ती परत बसायलाच तयार होईना.

“मी चालत जाणार,” ती म्हणत होती.

“चालत? मामाची वरात निघून जाईल, बाळा,” पद्मजा म्हणाली.

“जाऊ दे.”

“आणि नवीन परकर कुठं घालणार?”

पोरीनं तोंड फिरवलं. मामाच्या लग्नात करवली म्हणून मिरवायचं, असं महिनाभर तिचं चाललं होतं म्हणे.

इकडं धैर्यशीलचा चेहरा पडला होता.

“हे आजचंच नाही, बाबा,” तो म्हणाला. “शाळेला व्हॅननं जाते. बाजारात आजीबरोबर चालत जाते. माझ्या गाडीत बस म्हटलं की पोट दुखतं. ज्या पोरीसाठी मी माझा जीव काढून दिला, ती पोरगी...”

मग तो म्हणाला, “तुमचं ऐकेल ती. तिला सांगा गाडीत बसायला. त्यासाठीच थांबलोय.”

म्हणजे त्यागाचं नुसतं विचारायचं होतं. मागायचं होतं हे.

मी बाबांच्या हाताखाली तिथंच राहतो. आतून चहा आणून दिला. बाबांनी काच कंदिलात बसवली आणि कप हातात घेतला.

“सात माणसं बसतात म्हणालास.”

“होय.”

“चालवतं कोण?”

“मीच. दुसरं कोण?”

“मग बाकीचे सहा काय करतात?”

“काय करणार? बसतात.”

“नुसते?”

“गाडीत बसायचंच असतं, बाबा. आणि इतकी गुळगुळीत चालते की कुणी चकार शब्द काढत नाही. घरात कलकल, गाडीत बसलं की सगळं शांत. देवळासारखं.”

“आक्कासुद्धा गप्प?”

“आक्कासुद्धा!”

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी आक्कांकडं बघितलं. आक्का कुणाच्या मर्तिकातही गप्प बसत नाहीत, हे या घाटात सगळ्यांना माहीत आहे.

“आक्का, खरं का हो?”

“बोलायला जीभ सुटावी लागते, बाबा,” आक्का तिथूनच म्हणाल्या. “माझी गाडीत बसल्यापासनं टाळूला चिकटलेली असते. आत्ता कुठं सुटली. चहा हाय का मला?”

धैर्यशील हसला. त्याला ती चेष्टा वाटली.

बाबा उठले. काठी घेतली.

“चल. मला बसव तुझ्या गाडीत.”

त्याला आनंद झाला. धावत पुढं जाऊन त्यानं पुढचं दार उघडलं. बाबा पुढच्या दाराशी थांबलेच नाहीत. मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं आणि आत शिरले.

“बाबा, पुढं बसा की. पुढनं घाट दिसतो.”

“तू मागं ये. माझ्याजवळ.”

“मी मागं? मग चालवणार कोण?”

“कुणी नाही. ये.”

बाबांनी त्याला चालवणाऱ्याच्या पाठीमागं बसवलं. ती राजसीची जागा होती. बाबा पलीकडं बसले. दार लागलं. मी ओट्यावरून बघत होतो. काच थोडी खाली होती, म्हणून बोलणं ऐकू येत होतं.



“काय दिसतं?” बाबांनी विचारलं.

“पुढच्या सीटची पाठ.”

“आणखी?”

“काही नाही. काळी पाठ नुसती.”

“किल्ली?”

“खिशात आहे.”

“असू दे.”



मग धुकं निघालं. दरीतून उठलं आणि गाडीच्या दोन्ही अंगांनी मागं जाऊ लागलं. आधी हळू, मग भरभर. बाहेरून बघणाऱ्या मलाही क्षणभर वाटलं, गाडीच निघाली. चाकं जागच्या जागी होती. पण काचेशेजारून धुक्याचे लोळ असे पळत होते, की सगळा डोंगर मागं चाललाय आणि ती करडी गाडी आभाळातून कुठंतरी निघालीय. आवाज नाही, हिसका नाही. झोपेत आपण चालतो तसं.

“बाबा... गाडी हलतेय का?”

बाबांनी डोळे मिटले.

“बाबा, उतार आहे इथं. मी हँडब्रेक...”

धुकं आणखी जोरात आलं. जांभळ दिसली, गेली. बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

“बाबा!”

आणि त्यानं पाय मारला. जीव खाऊन मारला. दोन्ही पाय पुढं ताणून तो ब्रेक दाबत होता आणि तिथं ब्रेक नव्हता. पुढच्या सीटची पाठ होती. मी ओट्यावर बसल्या जागी तो धप्प आवाज ऐकला.

मग धुकं थांबलं.

गाडी जिथं होती तिथंच होती. चाकापाशी आमची कोंबडी किडे टिपत होती.

मी उठून काचेपाशी गेलो. धैर्यशीलचे पाय अजून सीटला टेकलेलेच होते. तो आपल्या पायांकडं बघत राहिला. मग हळूहळू त्यानं ते काढले.

त्याच्या बुटांचे ठसे उठले होते. त्यांच्या जरा वर आणखी दोन खळगे होते. छोटे. शेजारी शेजारी. नव्या सीटचं कातडं तिथं दबून मऊ झालं होतं, उशीवर डोकं ठेवून ठेवून होतं तसं.

त्यानं त्या खळग्यांवर बोटं ठेवली. एका पायाच्या खळग्यात त्याची चार बोटं मावली.

“मला वाटायचं मस्ती करते,” तो म्हणाला. “सीटला लाथा मारते म्हणून... ओरडलोय मी तिला. दोनदा थोबाडीत...”

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

“सांगायचं नाही का मला? भीती वाटते म्हणून?”

“सांगत होती,” बाबा म्हणाले. “तुझ्या पाठीला.”

बाहेर आक्का फुंकरी मारत चहा पीत होत्या.

मग धैर्यशील म्हणाला, “ही पण देऊन टाकतो, बाबा. साधी घेतो. हळू चालणारी.”

“आणि तिचाही त्याग सांगायला येशील. मला पुन्हा ऐकावं लागेल.” बाबांनी दार उघडलं आणि काठी टेकत खाली उतरले. “गाडी चांगली आहे. बसायला मऊ आहे. असू दे.”

ते मैलाच्या दगडापाशी गेले.

“सूनबाई, तुम्हाला गाडी येते का?”

पद्मजा दचकली. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

“येते, बाबा. लग्नाआधी माहेरची जीप मीच चालवायची. चिखलातनंसुद्धा. हे देत नाहीत.”

“हा? हा माझ्या हातात टीव्हीचा रिमोट देत नाही,” आक्का म्हणाल्या. “गाडी देतोय!”

धैर्यशील गाडीजवळ उभा होता. किल्ली आता त्याच्या हातात होती. हात अर्धा पुढं आला आणि थांबला.

“धुकं आहे फार, पद्मा,” तो म्हणाला. “पुढं वळणं अवघड आहेत.”

“म्हणूनच,” पद्मजा म्हणाली.

ती काही रागानं बोलली नाही. पण तिनं हातही पुढं केला नाही. त्याला चार पावलं चालत तिच्यापर्यंत जावं लागलं. किल्ली देताना तो तिच्याकडं न बघता पोरीकडं बघत होता.

राजसीनं मान वर केली.

“आई चालवणार?”

“हो.”

“आणि पप्पा?”

“मी मागं,” धैर्यशील म्हणाला. “तुझ्याजवळ.”

पोरीनं विचार केला. आजीकडं बघितलं, आईकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. बाबांकडं मात्र बघितलं नाही. बाबाही तिला काही बोलले नाहीत.

“पूर्ण घाटभर?”

“मामाच्या दारापर्यंत.”

ती दगडावरून उतरली. फ्रॉक झटकला. गाडीपाशी गेली. बाप आधीच मागं जाऊन बसला होता, त्याच जागेवर.

“ती माझी जागा आहे,” ती म्हणाली. “तिकडं सरका.”

तो सरकला.

ती बसली. पायांतले बूट काढून तिनं खाली ठेवले. आक्का पुढं चढल्या आणि चढता चढता बोलायला लागल्या. पद्मजानं सीट पुढं ओढून घेतली, आरसे आपल्यापुरते फिरवले, दिवे लावले. घाई कशाचीच नव्हती. गाडी सुरू झाली आणि धुक्यात गाईसारखी हळूच सरकू लागली.

धैर्यशीलनं काच खाली केली. त्याचे हात मांडीवर होते, पण त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. एकदा दाराला धरून बघितलं, एकदा पुढच्या सीटला. पाय तर आखडून पार पोटाशी घेतले होते. इतका मोठा माणूस, पण मला तो त्या वेळी फार लहान दिसला.

“बाबा,” तो कासावीस होऊन म्हणाला, “घाट उतरेपर्यंत मी इथं काय करू?”

बाबा गाडीबरोबर दोन पावलं चालले.

“ती तिथली जुनी आहे,” ते म्हणाले. “तिला विचार.”